थोरली माळ कशी धुवावी

समुद्रपूर
६ जानेवारी २०२५

रीतावहिनी,

तुमच्या भावानं, धर्मेंद्रनं, परवा आणून दिलेली बाटली आणि मखमलीचा डबा परत पाठवते आहे. बाटलीचं सील फोडलेलं नाही, तपासून घ्या. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही रडता, आणि रडणाऱ्या माणसाला काही समजावता येत नाही. म्हणून कागद घेतला.

बाटलीवर छापलंय की सोनं, चांदी, मोती, खडे, सगळ्यांना हे एकच पाणी चालतं. बैलालाही तेच आणि बाळंतिणीलाही तेच औषध देणाऱ्या माणसाला आमच्याकडे गावाबाहेर घालवतात. तुम्ही मात्र ते मागवलंत, वर डबा घेतलात, आणि दिवाळीच्या आधी जे झालं त्याची भरपाई म्हणून भावाच्या हाती पाठवलंत. मायनं बाटली हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि मला विचारलं, "हे पेयाचं हाये का?" मी नाही म्हटलं. तिनं ती तुळईखालच्या फळीवर फिनेलच्या शेजारी ठेवली. मी तिथून काढून तुम्हाला परत पाठवते आहे. तिची योग्य जागा तीच होती, पण दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात ठेवणं मला जमत नाही.

थोरली माळ तुम्ही मे महिन्यात, लग्नात, गळ्यात घातली. ती कशाची आहे हे अजून तुम्हाला कळलेलं नाही, म्हणून सांगते. तिच्यात चांदीचे अकरा मणी आहेत. ते भरीव नाहीत. आत पोकळ आहेत आणि त्या पोकळीत लाख भरलेली आहे. एकवीस कवड्या आहेत. गुंजा आहेत, निळे काचेचे मणी आहेत, पितळेची सात घुंगरं आहेत. हे सगळं लाल सुती गोफात ओवलेलं. यातल्या एकाला जे मानवतं ते दुसऱ्याला मारतं. चिंचेनं पितळ उजळतं, कवडी मात्र खडूसारखी पांढरी पडते. गुंजेला पाणी लागलं की ती फुगते. आणि लाखेला तर पाणीही नको, नुसती धग पुरते. वैशाखात टिनाचं छत तापतं तेव्हा आम्ही ती पेटी वरच्या फळीवरून काढून खाली फरशीवर, रांजणापासून हातभर लांब ठेवतो. लाख मऊ पडू नये म्हणून. रांजणाला चिकटून नाही, कारण ओलीनं गोफ कुजतो. एवढा विचार आमच्या घरात त्या माळेचा होतो.

तुम्ही ती न सोडवता, ओवलेली तशीच, भाताच्या जर्मनच्या गंजात टाकली, वर मूठभर चिंच टाकली आणि गॅसवर ठेवली. बटाटे उकडतात तशी.

लाख वितळायला लागली की वास येतो. तो वास चक्कीपर्यंत आला होता. आणि तुम्ही गंजाशेजारी उभ्या राहून चमच्यानं ढवळत होतात.

माळ बिघडली. ते एक वेळ जाऊ द्या. घरातल्यांनी तेही पोटात घातलं असतं, कारण अडाण्याला शिक्षा करून काही मिळत नाही. पण तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालात, "मी अंजूताईले विचारूनच केलं." आणि भाऊबीजेला माहेरी अल्लीपूरला गेलात त्या परत आलाच नाहीत. आता वस्तीतल्या वडीलधाऱ्या ताराचंदबाबांनी ९ फेब्रुवारीचा रविवार धरला आहे. आपल्या ओसरीवर बैठक आहे. ते स्पष्ट म्हणाले, माळेचं सोडा, पण जी सून स्वतःची चूक नणंदेवर ढकलते तिला घरात ठेवायचं का, हे सूरजनं चार माणसांपुढे ठरवावं. सूरज मान खाली घालून बसला होता. तो जिनिंगच्या कामावरून येतो, जेवतो आणि झोपतो. तुमच्याविषयी काही बोलत नाही, विचारलं तर चिडतो.

मी त्या वेळी चक्कीवर होते. हे मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगते. नागसेनभाऊंना विचारा, चक्की त्यांची आहे.

अंजू


समुद्रपूर
१४ जानेवारी

रीतावहिनी,

मागच्या पत्रात दोन गोष्टी चुकल्या होत्या, त्या दुरुस्त करते.

कवड्या एकवीस नाहीत, बावीस आहेत. एक पाटाच्या फटीत गेली होती, ती काल सापडली. दुसरं, वास चक्कीपर्यंत आला होता असं मी लिहिलं. चक्की आपल्या घरापासून चौथं घर. वारा कोणत्या दिशेनं होता हे मला आठवत नाही. तेव्हा वास तिथपर्यंत येऊ शकला असता, एवढंच मला म्हणायचं होतं. लिहिताना राग होता म्हणून वाक्य पुढे गेलं.

आज संक्रांत. तुमच्या घरून तिळगूळ आला. धर्मेंद्र पुन्हा आला होता, बसला नाही. पुडीला रबरबँड होतं. वहिनी, रबर. तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा तुमची जोडवी आणि पैंजणं स्टीलच्या डब्यात होती, प्रत्येकाला रबरबँड गुंडाळलेलं. मी त्याच दिवशी पाहिलं. चांदीला रबर लागलं की तिथं काळा वळ उठतो, तो घासूनही लवकर जात नाही. तुमची पैंजणं घोट्यापाशी काळी का, असं तुम्ही मला विचारलं होतं. मी म्हटलं होतं, घामानं. खरं कारण सांगितलं नाही. तुम्हाला रागावल्यासारखं वाटलं असतं.

मायनं मला हे सगळं नवव्या वर्षी शिकवलं. शाळेत मी चौथीत होते. पाट टाकायचा, सावलीत, दाराच्या उजेडात. माळ सोडवायची आणि ज्या क्रमानं मणी निघाले त्याच क्रमानं दोऱ्यावर मांडायचे. राखेनं चांदी. चिंचेनं पितळ, पण पितळ वेगळ्या वाटीत, दुसऱ्या कुणाला त्याचा शिंतोडासुद्धा नाही. कवडी ओल्या फडक्यानं. गुंजेला पाण्याचं नावही काढायचं नाही, सुक्या लुगड्याच्या तुकड्यानं पुसायची आणि हात धुवायचे, कारण ती विषारी असते. मायनं तोंडानं एक शब्द सांगितला नाही. मी चुकले की ती माझा हात धरून बाजूला ठेवायची, बस. दुसऱ्या वर्षी हात धरायची वेळ आली नाही. तेव्हापासून दर दिवाळीला ती माळ मीच धुतली. सतरा वर्षं. आज मी बाजारात दुसऱ्यांच्या पोती आणि माळा गाठवून देते, लोक हिंगणघाटहून येतात, ते सगळं त्या पाटावरचं.

त्या सतरा वर्षांत ती माझ्या गळ्यात एकदाही पडली नाही. पडणारही नाही, कारण ती सुनेची असते. लेक धुते, सून घालते. याच्यात रागावण्यासारखं काही नाही, रीत आहे. मी फक्त सांगते आहे.

तुमच्या मण्याविषयीही लिहिते, कारण तो माझ्याकडे आहे आणि तो माझ्याकडे आहे हे तुम्हाला माहीत असायला हवं. घरात येणारी प्रत्येक सून त्या माळेत स्वतःचा एक मणी घालते आणि शेवटची गाठ स्वतःच्या हातानं मारते. आजीनं चांदीचा घातला होता. मायनं निळ्या काचेचा. तुम्ही हिरवा प्लास्टिकचा घातलात. रक्षाबंधनाला तुमच्या किराणा दुकानात पाकिटातून राख्या येतात, तसल्या राखीवर असतो तसा. तुम्ही म्हणालात, हा आईच्या पोतीतला आहे. तुमच्या आईंनी, सुमित्राबाईंनी, त्यांचं सोनं दुकानात घातलं आणि मग मरेपर्यंत हीच पोत घातली, असंही सांगितलंत. बायका हसल्या. मी हसले नाही. मी तो कुठे ओवायचा याचा विचार करत होते, मागे, केसांखाली, जिथे दिसणार नाही.

मायनं काल एक प्रश्न विचारला. ती कवडीवरची लाख नखानं खरवडत बसली होती. वर न पाहता म्हणाली, "तुले वास नाई आला का व त्या दिवशी?" मी म्हटलं, चक्कीचा आवाज होता. ती म्हणाली, "आवाजानं वास जात नाई."

तिळगूळ घेतला. गोड बोलण्याविषयी तुम्हाला काही सांगायची गरज नाही, ते तुम्हाला चांगलं येतं.

अंजू


समुद्रपूर
२३ जानेवारी

रीतावहिनी,

तुमचं उत्तर मिळालं. दुकानाच्या बिलाच्या मागे एक ओळ: "मी खोटं बोलले नाही हे तुम्हाला माहीत आहे." पुढच्या बाजूला कुणाची तरी साखर, चहापत्ती आणि दोन साबण. मी तुम्हाला तीन तीन पानं लिहावीत आणि तुम्ही मला साबणाच्या पाठीवर उत्तर द्यावं. असो. तुमच्या घरी कागद असाच वापरतात, त्याला तुम्ही काय करणार.

तुम्ही विचारलं होतं. हे मी मान्य करते. विचारलं नव्हतं असं मी कधी म्हटलेलंही नाही. माळ बिघडली त्या दिवशी सगळे जमले तेव्हा ताराचंदबाबा मला म्हणाले, तू कुठं होतीस? मी म्हटलं, चक्कीवर. ते खरं होतं. त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यांनी विचारलं नाही ते मी का सांगावं?

आता जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे तुम्हाला आणखी बिलं फाडावी लागणार नाहीत.

माय नालवाडीला मावशीकडे गेली होती. जाताना तिनं पेटी तुमच्या हातात दिली. माझ्या नाही. म्हणाली, "आता तू पाहजो, रीता." मी तिथेच दळण पाखडत होते. ती गेल्यावर तुम्ही पेटी घेऊन माझ्यापाशी आलात. तुम्हाला मायला चकित करायचं होतं, परत येईल तेव्हा माळ लखलखीत दिसावी असं. तुम्ही विचारलंत, "अंजूताई, हे कसं धुवाचं असते?"

मी विचारलं, तुमच्या घरी कसं धुता?

तुम्ही म्हणालात, "आमी त उकळूनच धुतो. चिंच टाकून. आई तशीच धुवाची."

मी म्हटलं, "मग तसंच धुवा."

एवढंच. यातला एकही शब्द मी वाढवलेला किंवा गाळलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल की हे सांगणंच झालं. पण जरा विचार करा. लाखेची माळ समोर आहे, हातात धरली की हलकी लागते, भरीव चांदी इतकी हलकी नसते हे लहान पोरालाही कळतं. कवडी आहे, दोरा आहे, बी आहे. डोळे असलेलं कुणीही माणूस म्हणेल, अहो अंजूताई, हे सगळं उकळत्या पाण्यात कसं टाकू? तुम्ही म्हणाला नाहीत. मला वाटलं म्हणाल. मला वाटलं, गंज घ्याल, पाणी ठेवाल आणि थांबाल. मी मनात म्हटलं, पाहू, हिला किती कळतं ते.

तुम्हाला काहीच कळत नव्हतं. हे तर खोटं नाही ना?

दळण घेऊन मी निघाले.

अंजू


समुद्रपूर
३ फेब्रुवारी

रीतावहिनी,

बैठकीला सहा दिवस आहेत. तुमचं उत्तर आलेलं नाही आणि ते मी मागितलेलंही नाही.

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य बरोबर आहे, पण पुरं नाही. मी अकरा दिवस ते वाक्य डोक्यात घेऊन फिरते आहे. बाजारात परवा एका बाईच्या पोतीत मी काळे मणी एका बाजूला दोन जास्त ओवले. असं माझ्या हातून होत नाही. तिनं पाहिलं नाही, मीच तिला थांबवून परत सोडवलं. ती म्हणाली, दोन मण्यानं काय होते बाई. तिच्यासारख्या बायका जगात जास्त आहेत आणि त्या सुखानं जगतात.

तर ते पुरं करते. मी दळण घेऊन निघाले तेव्हा दारातून मागे पाहिलं. गॅस पेटला होता. गंज वर होता. तुम्ही पेटीतून माळ काढून हातात धरली होती आणि पाण्याला उकळी यायची वाट पाहत होतात. त्या वेळी मला एक शब्द बोलायचा होता. थांबा, एवढाच. मी तो बोलले नाही आणि गेले.

चक्कीवर माझ्यापुढे एकच नंबर होता. दळण पंधरा मिनिटांत झालं. नागसेनभाऊंनी डबा बंद करून माझ्यापुढे ठेवला. मी बाकावर बसून राहिले. थोड्या वेळानं वास आला. वारा आमच्या घराकडूनच होता, वहिनी. मला तेव्हाही माहीत होतं. तो वास मी नवव्या वर्षापासून ओळखते, मायनं एकदा मुद्दाम लाखेचा खडा निखाऱ्यावर टाकून मला हुंगायला लावला होता, म्हणजे घरात कधी आला तर धावत येशील, म्हणाली होती. नागसेनभाऊ नाक वर करून म्हणाले, "ताई, तुमच्या घरी कोणी लाखेच्या बांगड्या करून राह्यलं का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "पीठ कवाचं झालं तुमचं." मी म्हटलं, बसते जरा, पाय दुखतात.

माझे पाय दुखत नव्हते.

मी त्या बाकावर बसून हिशेब लावत होते, पैशाचा नाही. आता चांदी तडकली असेल, आता लाख बाहेर आली असेल, आता गुंजा फुगल्या असतील. मला ती प्रत्येक गोष्ट मण्यामण्यानं दिसत होती. माझ्या हातानं सतरा वर्षं जपलेली वस्तू होती ती, आणि मी तिला मरू दिलं, कारण तुम्ही ती मारताय हे सगळ्यांना दिसावं. माय पेटी माझ्या हातात न देता तुमच्या हातात देऊन गेली, तिला दिसावं. घरी आले तेव्हा तुम्ही गंजाशी बसून बोटांनी लाख काढत होतात, बोटं भाजली होती. मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. म्हणाले, "हे काय करून ठेवलं?" जसं काही मला पहिल्यांदाच दिसतंय.

मी तुमच्याविषयी जे जे लिहिलं त्यातलं बहुतेक मला अजूनही खरं वाटतं. तुम्हाला वस्तू कळत नाहीत. रबर, बाटली, मखमल, सगळं तसंच आहे. पण तुम्हाला कळत नाही तेव्हा तुम्ही विचारता. मला कळतं, आणि मला विचारलं तेव्हा मी हे केलं. यातला हलका माणूस कोण, हे ठरवायला ताराचंदबाबांची गरज नाही.

हे पत्र तुम्ही बैठकीत दाखवू शकता. नाही दाखवलंत तरी चालेल.

अंजू


समुद्रपूर
१० फेब्रुवारी

रीतावहिनी,

तुम्ही आला नाहीत. तानबाकाका, तुमचे वडील, एकटेच आले, आणि माझं पत्र त्यांनी दाखवलं नाही. माझी शेवटची दोन्ही पत्रं खिशात होती, हे मला त्यांच्या शर्टावरून कळत होतं, पण त्यांनी हात लावला नाही. तुम्ही सांगितलं असेल. मला हे आवडलं नाही. मला वाटलं होतं पत्र दाखवलं जाईल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. तुम्ही तेवढीही सोय ठेवली नाही.

ओसरीवर वीसेक माणसं होती. ताराचंदबाबांनी सुरुवात केली ती तुमच्या खोटेपणापासूनच. म्हणाले, माळेचं काही नाही, आपण गरीब माणसं, वस्तू जाते. पण जिभेचं काय? सूरज भिंतीला टेकून उभा होता. तानबाकाका म्हणाले, माझी पोरगी खोटं बोलत नाही. त्यावर कुणीतरी मागून म्हणालं, "दुकानदार असंच म्हणते, माल खराब निघाला तरी." लोक हसले. तानबाकाका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले. मला त्यांच्या बसण्यावरून तुमच्या आईची पोत आठवली. का, ते सांगता येत नाही.

मग ताराचंदबाबा मला म्हणाले, अंजू, तू कुठं होतीस?

मी म्हटलं, चक्कीवर होते, पण त्याआधी घरात होते. वहिनींनी मला विचारलं होतं. मी त्यांना सांगितलं की उकळा. मला माहीत होतं काय होईल. वास आला तेव्हाही मी उठले नाही.

एवढं बोलायला मला किती वेळ लागला मला माहीत नाही. मग ताराचंदबाबा म्हणाले, "म्हणजे इस्तव तूच देल्ला अन् आगीची बोंबही तूच ठोकली." त्यांनी हे मोठ्यानं म्हटलं नाही. मोठ्यानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या बाबांनी, म्हणजे तुमच्या सासऱ्यांनी, पुनाजींनी, मला बस म्हटलं. तानबाकाकांनी मला पाहिलं नाही. उठले, चप्पल घातली आणि सूरजला म्हणाले, "जवाई, तुमचं तुमी पाहा." सूरज त्यांच्यामागे स्टँडपर्यंत गेला. तीन महिन्यांत तो पहिल्यांदा कुणाच्या मागे गेला.

सगळे गेल्यावर माय आत आली. मला वाटलं मारेल. तिनं पेटी माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "हे शेवटचं गाठव. मंग हात लावजो नको." मी विचारलं, पुढच्या दिवाळीला? ती म्हणाली, "तुले धुणं शिकवलं. जपणं शिकवाचं राह्यलं माह्याकडून." मग ती गोंडीत, जी भाषा ती फक्त आजीशीच बोलायची, काहीतरी पुटपुटली, आणि मला ते समजलं नाही.

आज सकाळपासून मी पाटावर बसले होते. अकरा चांदीच्या मण्यांतले सात वाचले. त्यांत नवी लाख भरून घेतली. चार फाटले, ते वेगळ्या पुडीत आहेत. कवड्यांचं तेज गेलं ते येणार नाही, त्या तशाच ओवल्या. गुंजा सगळ्या टाकल्या आणि बांधावरच्या वेलीवरून नव्या आणल्या. गोफ नवा. घुंगरांना काही झालेलं नाही. आणि तुमच्या मण्यालाही नाही. तोही त्या दिवशी गंजातच होता. इतक्या सगळ्या मौल्यवान गोष्टी गेल्या आणि राखीवरच्या मण्याला एक ओरखडा नाही. मी त्याला उन्हात धरून बराच वेळ पाहिलं, कुठेतरी डाग मिळेल म्हणून. मिळाला नाही. तो मी मायच्या निळ्या मण्याशेजारी ओवला आहे, पुढे. दिसतो. चांगला दिसत नाही, पण दिसतो.

सूरज उद्या सकाळच्या बसनं अल्लीपूरला येतो आहे. माळ पेटीसकट त्याच्याजवळ दिली आहे. तुम्ही त्याच्याबरोबर यावं की नाही हे तुमचं तुम्ही पाहा, मी त्यात तोंड घालणार नाही. मी तुमच्या जागी असते तर आले नसते. पण तुम्ही माझ्यासारख्या नाही आहात, हे आता वीस माणसांना माहीत आहे.

तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर राहिलं आहे.

उकळायचं नाही. कोमट पाणीसुद्धा नाही. आधी सोडवायची, आणि सोडवताना क्रम लिहून ठेवा, तुमच्या लक्षात राहणार नाही. चांदी चाळलेल्या राखेनं, कोरड्या फडक्यावर घेऊन, हलक्या हातानं, कारण आत लाख आहे आणि पत्रा पातळ आहे. दाबलात तर पोचा येईल. चिंच फक्त घुंगरांना, दुसऱ्या खोलीत नेऊन धुवा म्हटलं तरी चालेल, तुमचा भरवसा नाही. नंतर साध्या पाण्यातून काढून ताबडतोब पुसा, नाहीतर हिरवी पडतील. कवड्यांना ओलं फडकं. गुंजांना कोरडं, आणि मग हात धुवा, शेजारच्या कार्तिकसारखं लहान मूल जवळ असेल तर त्या आधी लांब ठेवा. गोफ तिसऱ्या वर्षी बदला. गुंडाळायला मायचं जुनं सुती लुगडं, माळेच्या प्रत्येक पदराला त्याची वेगळी घडी, म्हणजे घुंगरू चांदीला घासणार नाही. प्लास्टिकची पिशवी नको, वर्तमानपत्र नको, रबर तर नकोच. पेटीत वाळलेला कडुलिंब. वैशाखात खाली, फरशीवर. रांजणापासून हातभर. आणि लाखेचा वास आला तर जिथं असाल तिथून धावत या.

हिरव्या मण्याला काही करायची गरज नाही.

शेवटची गाठ मी मारलेली नाही. ती सुनेनं मारायची असते, आणि आधीची तुम्ही मारलेली मी कापली आहे. दोऱ्याचं टोक नुसतं सुईत अडकवून ठेवलं आहे. सूरजला सांगितलंय, पण तो विसरेल. त्याच्या हातातून पेटी घेताना आडवीच धरा, उभी केलीत तर सगळं घरंगळेल.

अंजू